लिफ्ट आधी की पाणी? आपल्या इमारतीच्या विजेची पंचवीस वर्षं

स्मरणिका समितीनं मला विषय दिला होता 'गच्चीवरचं सोलर, बॅटरी आणि ऑटोमेशन'. दोन पानांत माहिती लिहून द्या, म्हणाले. मी म्हटलं, माहिती इन्व्हर्टरबरोबर आलेल्या पुस्तिकेत आहे आणि ती कुणीही वाचलेली नाही. त्यापेक्षा इतिहास लिहितो. बॅटरी आल्यानंतरच्या विशेष सभेत साडेतीन तास जे भांडण झालं ते बॅटरीवरून झालं, असं नव्या सभासदांना वाटतं. आम्हा जुन्यांना ते भांडण 2005 सालीच ऐकलेलं आहे. वीज कमी पडली की आधी कुणाची बंद करायची, एवढाच तो प्रश्न.

मी रेल्वेच्या विद्युत विभागातून निवृत्त झालो, त्यामुळे सुरुवात रेल्वेपासूनच होणार, माफ करा. आपल्यापासून जवळच, ठाकुर्लीला खाडीकाठी, चोळा पॉवर हाऊस होतं. जी.आय.पी. रेल्वेनं 1929 मध्ये ते सुरू केलं. कोळसा जाळून वीज करायची आणि कल्याणहून पुणे आणि इगतपुरीकडे जाणाऱ्या गाड्या त्यावर चालवायच्या. मी नोकरीला लागलो तेव्हा जुने फोरमन त्याच्या गोष्टी सांगायचे. मला त्यातली एकच गोष्ट कायम वाटत आली. वीज तयार होत होती इथं, आपल्या उंबऱ्यावर, पण ती होती गाड्यांसाठी, भोवतालच्या पाड्यांसाठी नाही. कुणाचा भार आधी, हे कुणीतरी कुठंतरी ठरवलेलं असतं. ते आपण ठरवायचं म्हटलं की मग भांडणं होतात.

आपण इथं राहायला आलो 2000 साली. तेव्हा कल्याण-शीळ रस्त्यावर रात्री रिक्षा मिळायची नाही आणि पत्ता सांगताना 'मानपाडा, डोंबिवलीचा, ठाण्याचा नाही' असं दोनदा सांगावं लागायचं. तरी आमच्या घराचं फ्रिज घेऊन आलेला टेम्पो घोडबंदर रोडच्या मानपाड्याला जाऊन आलाच. 2002 मध्ये आपली 27 गावं महापालिकेतून बाहेर पडली, 2015 मध्ये पुन्हा आत आली. या सगळ्या काळात पाणी एमआयडीसीचंच, बारवी धरणातून येणारं. आणि ते येणार त्याच्या वेळेला, त्याच्या प्रेशरनं, जमिनीखालच्या टाकीत. तिथून सातव्या मजल्यावरच्या गच्चीत चढवायला तीन हॉर्सपॉवरचा पंप. म्हणजे आपल्याकडे वीज गेली की पाणीही गेलं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, तेवढं ध्यानात ठेवा.

6 जून 2005 ला वीज मंडळाचं विभाजन झालं आणि बिलावर 'महावितरण' हे नाव आलं. त्याच सुमारास भारनियमन सुरू झालं. सुरू झालं म्हणजे काय, राज्यात मागणी आणि पुरवठ्यात काही हजार मेगावॉटची तफावत होती. दाभोळचा प्रकल्प 2001 पासून बंद पडलेला. मग वेळापत्रक आलं. ज्या फीडरवर गळती जास्त आणि वसुली कमी, तिथं अंधार जास्त. शेजारच्या मुंबईत टाटा, रिलायन्स आणि बेस्टची वीज, तिथं भारनियमन नाही. माझी बहीण दादरला. ती फोनवर सहज विचारायची, 'काय रे, टीव्हीवर ती मॅच बघतोयस ना?' मी मेणबत्तीच्या उजेडात उत्तर द्यायचो. पुण्यात 2006 मध्ये कारखान्यांनी स्वतःची जनित्रं चालवली, ग्राहकांनी थोडं जास्त बिल भरलं आणि शहराचं भारनियमन टळलं. ते 'पुणे मॉडेल' तेव्हा पेपरात गाजत होतं आणि आपल्या जिन्यात त्यावर तावातावानं चर्चा व्हायच्या.

पण जिन्यातली खरी चर्चा पंपाची होती. सकाळचं भारनियमन आणि एमआयडीसीच्या पाण्याची वेळ एकत्र आली की खालची टाकी भरून वाहायची आणि वरची कोरडी. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरचे लोक खालून बादल्या न्यायचे. सहाव्या-सातव्या मजल्यावरचे लोक लिफ्ट नाही म्हणून अडलेले. मग कुणीतरी सुचवलं की वर्गणी काढून जनरेटर घेऊ. लगेच प्रश्न आला, जनरेटरवर पंप चालवायचा की लिफ्ट? खालचे म्हणाले पंप. वरचे म्हणाले लिफ्ट. त्या सभेचं इतिवृत्त मी या लेखासाठी पुन्हा काढून वाचलं. तत्कालीन सेक्रेटरींनी एका ओळीत लिहिलंय, 'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन विषय तहकूब करण्यात आला.' जनरेटर काही आला नाही.

आला तो घरोघर इन्व्हर्टर. आपल्याकडे घरगुती बॅटरी येण्याची ती पहिली लाट, सोलरच्या खूप आधीची. गॅलरीच्या कोपऱ्यात लाल-काळ्या झाकणांची जड बॅटरी, तिच्यावर तो पांढरा डबा. स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर पंखा भुणभुणायचा, कारण त्यातून निघणारी वीज गुळगुळीत लहरीची नसून चौकोनी लहरीची. ती बॅटरी म्हणजे 1859 मध्ये फ्रान्समधल्या गास्तों प्लाँते यांनी काढलेल्या शिसं-आम्लाच्या घटाचीच नात. 150 अँपिअर-अवरची 12 व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर 1.8 युनिट वीज. पण ती निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की लवकर मरते, म्हणजे हातात राहिलं जेमतेम एक युनिट. दोन पंखे, दोन ट्यूब, चार तास. महिन्या-दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालायचं. ते विसरलं की दिवाळीच्या आत नवी बॅटरी. आम्ही विसरायचो.

तरी त्या इन्व्हर्टरनं एक केलं. प्रत्येक घराला स्वतःची यादी करायला लावली. इलेक्ट्रिशियन विचारायचा, 'काका, कुठले पॉइंट इन्व्हर्टरवर घ्यायचे?' आमच्या घरी हॉलचा पंखा, स्वयंपाकघरातली ट्यूब आणि आईच्या खोलीतला दिवा. फ्रिज नाही, टीव्ही नाही. टीव्हीवरून मुलगा दोन दिवस बोलला नाही. आज ज्याला 'लोड प्रायॉरिटी' म्हणतात ती हीच. फरक इतकाच की ती एकदा भिंतीतल्या वायरनं ठरायची आणि बदलायची तर भिंत फोडावी लागायची.

2012-13 पर्यंत भारनियमनाचं वेळापत्रक मागे पडलं. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या भंगारात गेल्या. आपण सगळं विसरलो.

मग 12 ऑक्टोबर 2020. सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास. करोनाचे दिवस, निम्मी इमारत घरून काम करतेय, पोरं ऑनलाइन वर्गात. कळवा-पडघा भागातल्या 400 केव्हीच्या वाहिन्यांवर बिघाड होऊन मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळं एका दमात बंद. लोकल जागच्या जागी उभ्या. इतके दिवस मुंबईला अभिमान होता तो तिच्या 'आयलंडिंग' व्यवस्थेचा. बाहेरचं जाळं कोसळलं की शहर त्यापासून आपोआप तुटून बेटासारखं वेगळं व्हावं आणि शहराजवळच्या जनित्रांवर चालत राहावं, अशी ती योजना. त्या दिवशी ती चालली नाही, कारण त्या घडीला शहराजवळ तयार होणारी वीज शहराच्या भाराला पुरी पडणारी नव्हती. बेट करायचं तर बेटावर पुरेसं पाणी हवं ना. दादरच्या बहिणीचा फोन आला, 'अरे, लाइट गेलेत!' मला आनंद झाला असं लिहिणं बरं नाही.

पण आपल्या इमारतीत त्या दिवशी आनंद होण्यासारखं काही नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी करोनातून नुकत्या घरी आलेल्या, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होत्या. ते यंत्र सुमारे साडेतीनशे वॉट घेतं. त्यांच्या घरचा जुना इन्व्हर्टर कधीच गेलेला. त्यांच्या मुलानं लिफ्ट बंद असताना भाड्याचा सिलिंडर जिन्यानं वर चढवला, आणि दोघंजण मागून हात देत होते. तेव्हा अंतर ठेवायचे दिवस होते, कुणी ठेवलं नाही. आपल्या सोलरच्या फाइलचं पहिलं पान त्या दिवसाचं आहे, जरी ते लिहायला पुढं तीन वर्षं लागली.

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली. गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी दर किलोवॉटला 18,000 रुपये अनुदान. आपला कॉमन मीटर म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे. वापर महिन्याला 500 युनिटच्या वर जातो, त्यामुळे वरची युनिटं सगळ्यात महागड्या स्लॅबमध्ये. सोलरनं वाचतात ती आधी हीच महागडी युनिटं, हे खजिनदारांनी फळ्यावर मांडून दाखवलं आणि सभा पंधरा मिनिटांत संपली. सोसायटीच्या इतिहासातला हा विक्रम असावा. गच्चीवर 10 किलोवॉटचे पॅनल बसले. आपल्या भागात एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरतात, म्हणजे महिन्याला बाराशेच्या आसपास. पावसाळ्यात बरीच कमी. नेट मीटरमुळे दिवसा जास्तीची वीज बाहेर जाते, रात्री परत घेता येते, हिशोब बिलात. बेल लॅबोरेटरीनं 1954 मध्ये दाखवलेला पहिला वापरण्याजोगा सिलिकॉन सौरघट पडलेल्या उन्हातल्या शंभर भागांतले सहाच भाग विजेत बदलायचा. आपले पॅनल वीसच्या पुढे आहेत.

आणि महिन्याभरात भर दुपारी लाइट गेले. रणरणतं ऊन, गच्चीवर चकचकीत पॅनल आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद. चौथ्या मजल्यावरचे भाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, 'काका, वर ऊन आणि खाली अंधार? मग आपण घेतलं काय?'

प्रश्न रास्त होता, आणि उत्तर आधी सांगायला हवं होतं ते आम्ही समितीवाल्यांनी सांगितलं नव्हतं. बॅटरीशिवायचा सोलर इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःहून बंद होतो, व्हायलाच हवा. समजा रस्त्यावरची वाहिनी दुरुस्तीसाठी बंद केलीय आणि आपली गच्ची तिच्यात वीज ढकलतेय, तर खांबावरचा लाइनमन मरेल. म्हणून इन्व्हर्टरला बेट होऊ न देण्याची सक्ती आहे. मुंबईला बेट होता आलं नाही म्हणून ती अंधारात गेली. आपल्याला बेट होण्याची बंदी म्हणून आपण. उपाय एकच, बाहेरच्या लाइनपासून स्वतःला पूर्ण तोडून मगच आत वीज देणारा हायब्रिड इन्व्हर्टर, आणि त्याला बॅटरी. बॅटरीला अनुदान नाही. सिंकिंग फंडाला हात लावायचा नाही असं ठरलं. मग प्रत्येक घरामागे वर्गणी आली, आणि वर्गणी आली की प्रत्येकाला बॅटरी आपली वाटायला लागते.

आपली बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, 15 युनिटांची. हे रसायन 1997 मध्ये टेक्सासमधल्या जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून जगापुढे आलं. त्या निबंधावर गुडइनफ यांच्या आधी दोन नावं आहेत, पाढी आणि नंजुंदस्वामी. लिथियमच्या इतर बॅटऱ्यांपेक्षा ही सहजासहजी पेट घेत नाही आणि हजारो वेळा भरता-उतरवता येते. डिस्टिल्ड वॉटरची कटकट नाही. ठेवायची कुठं यावर मात्र चर्चा झाली. गच्चीवरच्या खोलीत उष्णता फार, आणि उष्णतेनं तिचं आयुष्य घटतं. स्टिल्टमध्ये ठेवायची तर 26 जुलै 2005 ला तिथं गुडघ्याच्या वर पाणी होतं. खांबावर त्या पाण्याची रेघ रंग देताना आम्ही मुद्दाम पुसू दिली नव्हती, ती कामाला आली. बॅटरी रेघेच्या वर, साडेतीन फूट उंच चौथऱ्यावर आहे. चौथरा एवढा उंच कशाला, असं विचारणाऱ्यांनी तो खांब बघावा.

आता ऑटोमेशन. पहिला प्रयत्न फसला, तोही सांगतो. आम्ही बाजारातून मोबाइलवर चालणारे वाय-फाय स्विच आणले. बॅटरी उतरली की पंप बंद, असं अॅपमध्ये लावलं. चाचणीत झकास. खरे लाइट गेले तेव्हा स्विच ढिम्म. कारण सोपं होतं. स्विचचा निरोप आधी कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर जाणार, तिथून परत येणार. आणि लाइट गेले की नाक्यावरचा इंटरनेटचा डबाही बंद. जे यंत्र अंधारासाठी आणलं ते अंधारातच मुकं.

मग बी विंगमधल्या ताईंची मुलगी, तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, तिनं हे हाती घेतलं. तिचं म्हणणं, निरोप इमारतीबाहेर जाताच कामा नये. आपल्या हायब्रिड इन्व्हर्टरला खाली एक साधं कनेक्शन आहे, दोन तारांचं. त्यावर तो 'मॉडबस' नावाची भाषा बोलतो. ही भाषा 1979 मध्ये मॉडिकॉन कंपनीनं कारखान्यांतल्या यंत्रांना आपापसात बोलता यावं म्हणून काढली. अगदी रुक्ष भाषा. अमुक क्रमांकाच्या खान्यात कुठला आकडा आहे, एवढंच विचारायचं. एका खान्यात बॅटरी किती टक्के, दुसऱ्यात बाहेरची लाइन आहे की नाही, तिसऱ्यात पॅनल किती वीज देताहेत. हस्तपुस्तिकेतले खाने शोधून काढण्यात तिचा पंधरवडा गेला. पंजाएवढा एक छोटा संगणक दर दहा सेकंदांनी हे आकडे विचारतो. वरच्या टाकीतल्या पाण्याची पातळी 'एमक्यूटीटी' नावाच्या दुसऱ्या पद्धतीनं येते. ती 1999 मध्ये वाळवंटातल्या तेलवाहिन्यांवर नजर ठेवण्यासाठी निघाली, जिथं महागडं उपग्रहाचं कनेक्शन, म्हणून निरोप अगदी त्रोटक. निर्णय घेणारी प्रणाली 'होम असिस्टंट', 2013 मध्ये एका डच तरुणानं सुरू केलेली, फुकट आणि खुली. म्हणजे कारखाना, तेलवाहिनी आणि एक हौशी पोरगा यांची जोड आपल्या मीटर रूममध्ये लागलीय. तो संगणक आणि त्याचा वाय-फायचा डबा दोन्ही बॅटरीवरच चालतात, नाक्यावर इंटरनेट असो वा नसो.

एक अडचण तिलाही आली. पंप सुरू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढतो. बाहेरच्या लाइनला त्याचं काही वाटत नाही, आपला इन्व्हर्टर मात्र जीव टाकायचा. सगळंच बंद. पंपाला हळूहळू वेग देणारा ड्राइव्ह लावला तेव्हा सुटलं. मला यात थोडं समाधान मिळालं. इंजिनच्या मोटरी एकदम चालू करायच्या नसतात हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं, आणि मी ते तिला आधी सांगितलं होतं. तिनं ऐकलं नव्हतं.

तर, यंत्र तयार झालं आणि विचारू लागलं, आता नियम सांगा. तीच ती साडेतीन तासांची विशेष सभा. पंप एकदा वरची टाकी भरतो तेव्हा बॅटरीतली सुमारे सहावा हिस्सा वीज जाते. वरचे म्हणाले लिफ्ट, खालचे म्हणाले पंप, शब्दसुद्धा 2005 चेच. मी इतिवृत्ताची जुनी वही सोबत नेली होती. ती वाचून दाखवली तेव्हा हशा झाला, पण मत कुणी बदललं नाही.

सभा वळली ती तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या मुलामुळे. आजी आता नाहीत. तो उभा राहिला आणि म्हणाला, 'लिफ्ट आणि पंप दोन्ही नंतर. कुणाच्या घरी मशीन असेल त्याचं आधी बघा.' त्यावर आक्षेप आला, आणि तो चुकीचा नव्हता. सामाईक पैशातून एका घराला वीज कशी द्यायची? आज ऑक्सिजन, उद्या कुणी म्हणेल माझं लॅपटॉपचं काम महत्त्वाचं. शेवटी खजिनदारांच्या डोक्यातून तोडगा निघाला. घराला वायर द्यायचीच नाही. प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये बॅटरीवरचा एक सॉकेट, फक्त वैद्यकीय उपकरणासाठी. लागेल त्यानं एक्स्टेंशन टाकून घरात न्यायचं, मशीन परत मिळाल्यावर वायर काढायची. सगळ्यांचा सॉकेट, म्हणून कुणाचाच नाही.

ठराव झाला तो असा. बॅटरी 60 टक्क्यांच्या वर असेपर्यंत सगळं चालू. 60 च्या खाली पंप फक्त वरची टाकी पावपेक्षा कमी झाली तरच. 40 च्या खाली लिफ्ट आहे त्याच्या पुढच्या मजल्यावर थांबून दार उघडेल आणि बंद, पंपही बंद. जिन्यातले दिवे आणि पॅसेजचे सॉकेट 10 टक्क्यांपर्यंत, काहीही झालं तरी. 40 पासून 10 पर्यंत साडेचार युनिट उरतात. सगळे दिवे आणि एक कॉन्सन्ट्रेटर त्यावर आठेक तास निघतात. त्या आठ तासांत सिलिंडर मिळतो किंवा लाइट येतात, असा हिशोब.

नियम बदलायचा पासवर्ड कुणाकडे, यावर आणखी अर्धा तास. अध्यक्षांकडे नको, सेक्रेटरींकडे नको, पोरीकडे तर नकोच, ती उद्या नोकरीला जाईल. पासवर्ड दोन भागांत आहे, एक खजिनदारांच्या पाकिटात, एक ऑफिसच्या कपाटात.

या पावसाळ्यात एका रात्री केबल गेली. बॅटरी संध्याकाळपासूनच अर्धी होती, दिवसभर ऊन नव्हतं. साडेअकराला लिफ्ट नियमाप्रमाणे दुसऱ्या मजल्यावर उभी राहिली आणि दार उघडून गप्प बसली. आत सातव्या मजल्यावरचे गृहस्थ, हातात गावाहून आणलेलं तांदळाचं पोतं. त्यांनी सेक्रेटरींना फोन केला. सेक्रेटरींनी मला, मी पोरीच्या आईला. बॅटरी 39 टक्के आहे, एक फेरी जाऊ द्या, असा आग्रह. एक फेरी काही फार वीज खात नाही, हे मलाही माहीत होतं. कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. पाचव्या मजल्यावर त्या आठवड्यात एका काकांचं मशीन पॅसेजच्या सॉकेटवर लागलं होतं, नारंगी वायर दाराखालून आत गेलेली. मी किल्ली दिली नाही. पोतं वॉचमननं आणि त्यांनी मिळून वर नेलं. पाचव्या मजल्यावर ती वायर ओलांडताना ते दोघं क्षणभर थांबले असं वॉचमन सांगतो. लाइट पहाटे चारनंतर आले. बॅटरी तेव्हा 22 वर होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेखी तक्रार दिली, ती फाइलला आहे. त्याच पत्रात त्यांनी लिहिलंय की लिफ्टची मर्यादा 40 ऐवजी 35 करावी. त्यांचा हिशोब मी तपासला, तो चूक नाही. येत्या सर्वसाधारण सभेत तो विषय आहे, आणि त्याच्याच खाली स्टिल्टमध्ये इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज करणाऱ्यांचा अर्ज आहे. सभासदांनी जेवून यावं ही विनंती.